सावली बरोबर मध्यावर होती

१ ऑक्टोबर १९९७. सर्वपित्री अमावास्या. घरात पितरांचं पान वाढायची गडबड चालली होती आणि मी कंट्रोल रूममध्ये बसून केबलच्या पावत्या लिहीत होतो. दहा वाजायला आले होते. समोरच्या छोट्या टीव्हीवर आधी दोन-चार पांढऱ्या ठिणग्या उडाल्या, मग त्यांची झोड उठली आणि बघता बघता चित्र मुंग्यांनी भरून गेलं. चॅनेल बदललं, तिथेही तेच. एशियासॅट उपग्रहाकडे रोखलेल्या डिशवरची सगळी चॅनेलं एकदम गेली होती. दुसऱ्या डिशवरची मात्र स्वच्छ दिसत होती.

पाना खिशात घालून मी जिना चढलो. गच्चीवर पाऊल टाकलं तेव्हा पहिल्यांदा काय दिसलं, ते आजही आठवतं. बारा फुटी जाळीच्या डिशच्या मधोमध फीडची, म्हणजे डिशसमोर बसवलेल्या सिग्नल टिपणाऱ्या भागाची, गोल सावली पडली होती, ताटात मध्यावर वाटी ठेवावी तशी. मी ती पाहिली आणि सोडून दिली. माझी नजर तिच्यापलीकडे गेली. तिथे माझा मदतनीस पोरगा आदल्या रात्रीच्या पावसात भिजलेलं केबलचं भेंडोळं वाळत घालत होता.

“डिशला हात लावलास?”

“नाही मालक, आईशप्पथ.”

मी पुढचं ऐकलंच नाही. पोरगा गच्चीवर आहे आणि चित्र गेलंय, एवढ्यावर माझा निकाल लागला होता.

सोलापूर जिल्ह्यातल्या आमच्या तालुक्याच्या गावात १९९२ साली मी केबल सुरू केली. तोवर एका दुकानात टीव्ही-रेडिओ दुरुस्तीचं काम करत होतो. सोल्डरिंग उत्तम यायचं, सर्किट वाचता यायचं, त्यामुळे आपल्याला सगळं येतं असं वाटायचं. डिश लावायला पुण्याहून माणूस आला होता. त्याने दिवसभर खटपट करून ती आग्नेयेला, जमिनीपासून साधारण पन्नास अंश वर रोखली, बोल्ट आवळले आणि निघून गेला. त्या दिशेला नेमकं काय आहे, ते मी त्याला विचारलं नाही. बोल्टांवर रंगाची खूण केली नाही. कोन वहीत टिपून ठेवला नाही. चित्र येत होतं, गिऱ्हाईक खूश होतं. पाच वर्षं मी त्या डिशच्या जिवावर घर चालवलं आणि ती आकाशात नेमकी कुठे बघते, हे मला ठाऊक नव्हतं. सगळ्याची सुरुवात तिथे झाली.

त्या सकाळी मी बोल्ट सैल केले. पोराला खाली पाठवलं आणि ओरडून सांगायला बसवलं. रिसीव्हरवर सिग्नलचा एक साधा काटा होता. खालून पोरगा ओरडला, “मालक, काटा पार वर गेलाय, पण चित्र नाही!” काटा वर म्हणजे सिग्नल चांगला, एवढंच मला माहीत. तो पडायला लागला की मी डिश किंचित वर आणि दक्षिणेकडे ढकलायचो, की तो पुन्हा चढायचा. वीस-पंचवीस मिनिटं मी घामाघूम होऊन काट्याच्या मागे जात राहिलो. शेवटी काटा उतरला आणि चित्र आलं, पण एक अनोळखी लिपी आणि अनोळखी भाषा बोलणारी बाई घेऊन. आमचं एकही चॅनेल त्यात नव्हतं.

मी काय करत होतो, ते पुढे कळलं. तेव्हा मी पोराला वर बोलावलं, शेजारीपाजारी ऐकतील अशा आवाजात नको ते बोललो आणि “उद्यापासून येऊ नकोस” म्हणून सांगितलं. त्याचे तीनशे रुपये देणं होतं, तेही ठेवून घेतले. दुसऱ्या दिवशी घटस्थापना होती. पोरगा सतरा वर्षांचा, बाप नव्हता, आई दुसऱ्याच्या रानात खुरपायला जायची. तो काही बोलला नाही. केबलचं भेंडोळं नीट गुंडाळून कोपऱ्यात ठेवलं आणि गेला.

मग पाच दिवस मी एकटा त्या डिशशी झगडलो. स्टेशनरीच्या दुकानातून होकायंत्र आणलं आणि डिशच्या लोखंडी खांबाला टेकवून दिशा पाहिली. लोखंडाजवळ होकायंत्राची सुई फसते, हे शाळेत शिकलो होतो. शाळेतल्या पोराच्या कोनमापकाला दोरा बांधून उंचीचा कोन मोजला. कुठेच काही लागेना. बारा फुटी डिशची कड सव्वा इंच सरकली की तिचं तोंड एक अंश फिरतं, आणि उपग्रहांच्या अंतरावर एक अंश म्हणजे जवळजवळ साडेसहाशे किलोमीटर. मी तर फूट-फूट डिश हलवत होतो. पण मला ते आकडे तेव्हा माहीत नव्हते.

गिऱ्हाइकांचे फोन सुरू झाले. नवरात्रात घरात पाहुणे, पोरांना सुट्ट्या. पहिल्या दिवशी मी म्हणालो, “वरूनच बंद आहे.” हे वाक्य आमच्या धंद्यात सगळ्यांत सोपं. पोलवरचा जोड गंजला, अँप्लिफायरमध्ये पाणी गेलं, वायर उंदराने कुरतडली, काहीही झालं तरी “वरून बंद आहे”. मी ते वर्षानुवर्षं वापरत आलो होतो. वर जाऊन कोण बघणार?

आणि नेमकी त्याच आठवड्यात बातमी आली. ४ ऑक्टोबरला आपला इन्सॅट-२डी निकामी झाला होता. जूनमध्ये सोडलेला उपग्रह, वीजपुरवठ्यातल्या बिघाडाने चार महिन्यांत हातचा गेला. देशासाठी ती वाईट बातमी होती. मला मात्र ती वाचून हायसं वाटलं, हे आज लिहिताना लाज वाटते. मी ती बातमी कापली आणि ऑफिसच्या दाराला चिकटवली. कोणी विचारायला आलं की बोट दाखवायचो. “बघा, पेपरात आलंय. सॅटेलाइटच गेलाय.” लोक हळहळायचे. दोघा-तिघांनी माझीच समजूत काढली. मी मान हलवत राहिलो.

सहाव्या दिवशी सर आले. आमच्या गावातल्या शाळेत त्यांनी तीस वर्षं विज्ञान शिकवलं, मलाही शिकवलं. दारातली बातमी त्यांनी चष्मा वर करून पूर्ण वाचली. आत तीन गिऱ्हाइकं बसलेली.

“तुझी गेलेली चॅनेलं कुठल्या उपग्रहावरची रे?”

“एशियासॅट, सर.”

“आणि बातमी कुठल्या उपग्रहाची आहे?”

मी गप्प बसलो. सरांनी आवाज चढवला नाही. ते म्हणाले, “ही बातमी काढ आधी. ज्यांचा उपग्रह गेला त्यांनी ते जगाला सांगितलं. तू त्यांच्या सांगण्याआड लपतोयस.” मी सगळ्यांसमोर उठलो आणि तो कागद नखाने खरवडून काढला. गोंद चांगला लागला होता, अर्धा कागद दारालाच राहिला. पुढे कितीतरी महिने तो तिथे तसाच दिसायचा.

मग सरांनी मला गच्चीवर नेलं. चित्र किती तारखेला, किती वाजता गेलं ते विचारलं. मग विचारलं, “त्या वेळी फीडची सावली कुठे पडली होती?”

मला एकदम ताटातली वाटी आठवली. “मधोमध, सर.”

“मग तुझी डिश जागेवरच होती. हललेली नव्हती.”

सरांनी कठड्यावर बसून समजावून सांगितलं. हे उपग्रह विषुववृत्ताच्या वर, जमिनीपासून ३५,७८६ किलोमीटरवर असतात. त्या उंचीवर पृथ्वीभोवती फिरायला २३ तास ५६ मिनिटं लागतात, आणि पृथ्वीलाही स्वतःभोवती एक पुरी फेरी घ्यायला तेवढाच वेळ लागतो. म्हणून उपग्रह आपल्याला आकाशात एका जागी खिळल्यासारखा वाटतो आणि डिश एकदा रोखली की पुरते. वर्षातून दोनदा, मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात आणि सप्टेंबर संपून ऑक्टोबर लागताना, आपल्या गावावरून पाहिलं तर सूर्य रोज काही मिनिटं नेमका उपग्रहाच्या पाठीमागून जातो. सूर्य, उपग्रह आणि डिश एका रेषेत येतात. उपग्रहाचा एक ट्रान्सपाँडर, म्हणजे चॅनेलं खाली पाठवणारा भाग, दहा वॉटांच्या आसपास ताकदीने बोलतो, आपला झिरोचा बल्ब त्याहून जास्त वीज खातो. सूर्य तर सगळ्याच लहरींवर गर्जत असतो. त्या गर्जनेत ते दहा वॉट बुडून जातात. सहा-सात मिनिटं थांबलं की सूर्य पुढे सरकतो आणि चित्र आपोआप परत येतं. काही करावं लागत नाही.

सहा-सात मिनिटं. मी जिना चढून बोल्ट सैल करेपर्यंत त्यातली निम्मी संपली असतील.

“आणि तो काटा?” मी विचारलं.

“काट्याला उपग्रह आणि सूर्य यांतला फरक कळत नाही. जे येईल ते तो मोजतो. तू सूर्याच्या मागे चालला होतास.” त्या दिवसांत सूर्य आकाशात जवळजवळ त्याच वाटेने जातो, जिच्यावर हे सगळे उपग्रह ओळीने उभे आहेत. मी डिश सूर्यामागे नेत गेलो आणि १०५.५ अंश पूर्व रेखांशावरच्या एशियासॅट-१ वरून १०० अंशांच्या आसपासच्या शेजाऱ्यावर पोचलो. ती अनोळखी लिपी बहुधा १००.५ वरच्या एशियासॅट-२ ची होती.

त्याच संध्याकाळी सोलापूरहून जाणकार माणूस बोलावून डिश पुन्हा लावून घेतली. तासाभराचं काम. जाताना त्याने दोन्ही बोल्टांवर लाल रंगाची रेघ मारली आणि म्हणाला, “हे पहिल्याच दिवशी करायचं असतं.”

सरांनी त्या एशियासॅट-१ ची हकिगत पुढे मला सांगितली. त्याचा जन्म वेस्टार-६ या नावाने झाला होता. फेब्रुवारी १९८४ मध्ये अमेरिकेच्या अवकाशयानातून तो सोडला, पण त्याचं इंजिन नीट पेटलं नाही आणि तो भलत्याच खालच्या कक्षेत अडकला. नोव्हेंबरमध्ये डिस्कव्हरी यानातून अंतराळवीर वर गेले, त्यांनी तो पकडून खाली आणला. त्याची डागडुजी झाली, नवा मालक आणि नवं नाव मिळालं आणि ७ एप्रिल १९९० ला चीनच्या लाँग मार्च रॉकेटवरून तो पुन्हा वर गेला. आमच्या गावाने स्टार आणि झी पाहिलं ते या फुकट गेलेल्या म्हणून परत आणलेल्या उपग्रहावरून. इन्सॅट-२डी च्या बाबतीतही आपल्या लोकांनी हात टेकले नाहीत. अरबसॅटचा आधीपासून वर असलेला एक उपग्रह घेतला, त्याला इन्सॅट-२डीटी नाव दिलं आणि काम पुढे चालवलं. दोन्हीकडे पहिली पायरी एकच होती: काय बिघडलं आणि कुठे बिघडलं, ते मान्य करणं. मला चाळीस पायऱ्यांवरच्या गच्चीपुरतंही ते जमलं नव्हतं.

आता सगळ्यांत मोठ्या चुकीबद्दल लिहायला हवं. डिश हलली नव्हती, म्हणजे पोराने हात लावला नव्हता, हे मला ६ ऑक्टोबरला कळलं. त्याची वस्ती आमच्या गावापासून चार किलोमीटरवर. मी सायकलवर टांग मारली असती तर वीस मिनिटांत पोचलो असतो. मी गेलो नाही. दसरा गेला, दिवाळी गेली, संक्रांत गेली. मालकाने नोकराच्या दारात जाऊन चुकलो म्हणायचं, हे मला झेपत नव्हतं. भेटला की देऊन टाकू पैसे, असं मनाला सांगत राहिलो. तो कधी भेटला नाही, कारण तो आमच्या गल्लीतून जाणंच टाळत होता. सूर्याची चूक मला माहीत नव्हती म्हणून झाली, ती एक वेळ पोटात घालता येईल. ही दुसरी मी सगळं माहीत असताना केली, आणि पाच महिने रोज केली.

मार्च आला. सरांनी आधीच तारखा आणि वेळा हिशेब करून दिल्या होत्या. १३ मार्च १९९८, धुळवडीचा दिवस. मी सव्वादहाच्या आधीच गच्चीवर जाऊन बसलो. खाली माझा धाकटा भाऊ टीव्हीसमोर. फीडची सावली डिशच्या पश्चिमेकडच्या अंगाने हळूहळू मध्याकडे सरकत होती. जाळीच्या पट्ट्या मोजत मी ती बघत होतो. सावली मध्याला टेकली आणि खालून हाक आली, “मुंग्या आल्या!” मी पाना मुद्दाम खालीच ठेवून आलो होतो. हात गुडघ्यांवर ठेवून बसून राहिलो. सावली मध्य ओलांडून पुढे गेली. “गेल्या, गेल्या! स्वच्छ झालं!” मी घड्याळ पाहिलं. सात मिनिटं झाली होती. सात मिनिटं मी काही न करता बसलो असतो, तर त्या पोराची भाकर गेली नसती. हे डोळ्यांनी पाहिल्यावर मला खाली घरात बसवेना.

त्याच दुपारी मी वस्तीवर गेलो. पोरगा पुण्यात एका केबलवाल्याकडे कामाला लागला होता, सणाला घरी आला होता. अंगणात रंगलेली पोरं खेळत होती. मी सावली, सूर्य, सगळं सांगायला लागलो. त्याने मध्येच थांबवलं. “मालक, ते मला पुण्यात कळलं. तिथे आमचे साहेब आदल्या दिवशीच फळ्यावर वेळ लिहितात.” मग थोडं थांबून म्हणाला, “मी शपथ घेतली होती, तुम्ही ऐकून घेतलं नाही.” मी म्हणालो, “चुकलं माझं.” तीनशे रुपये आणि वर दोन महिन्यांचा पगार त्याच्या आईच्या हातात दिला. तिने नोटा मोजल्या. तीनशे पदराच्या गाठीत बांधले आणि बाकीचे मला परत केले. “आमचं होतं तेवढं मिळालं,” म्हणाली. चहा मात्र केला. तो पिऊन मी निघालो. पोरगा माझ्याकडे परत कामाला आला नाही आणि मीही ये म्हणालो नाही. तो तिथे जास्त चांगलं शिकत होता.

त्यानंतर मी धंद्यात काही गोष्टी बदलल्या. प्रत्येक डिशच्या बोल्टांवर रंगाची रेघ आली. वहीत प्रत्येक उपग्रहाचा रेखांश, दिशा आणि उंचीचा कोन लिहिला गेला. मार्च आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात ऑफिसबाहेरच्या फळ्यावर मी वेळ लिहायला लागलो: अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत, सकाळी दहाच्या सुमारास काही मिनिटं चित्र जाईल, सूर्यामुळे, आपोआप परत येईल. पहिल्या वर्षी लोकांनी फोन करून विचारलं. दुसऱ्या वर्षी शाळेतली पोरं वेळ मोजायला टीव्हीसमोर बसली आणि सरांनी त्यावरच एक तास घेतला.

“वरून बंद आहे” हे वाक्य मात्र सोडणं सगळ्यांत अवघड गेलं. जीभ सवयीने तिकडेच वळायची. मग मी स्वतःला एक नियम घातला. बिघाड कुठे आहे ते शोधल्याशिवाय कारण सांगायचं नाही, आणि सापडेपर्यंत “अजून शोधतोय” म्हणायचं. शंभरात नव्वद वेळा बिघाड आमच्याच जोडात, आमच्याच वायरीत निघायचा. ते लोकांना सांगितल्याने एकही कनेक्शन तुटलं नाही.

या नियमाची कसोटी जुलै २०१० मध्ये लागली. तेव्हा खरोखरच वर बिघडलं होतं. इन्सॅट-४बी च्या वीजपुरवठ्यात दोष आला आणि त्याच्या चोवीसपैकी बारा ट्रान्सपाँडर बंद करावे लागले. गावातल्या काही घरांवर तोवर डीटीएचच्या छोट्या डिश आल्या होत्या. त्यांतल्या काहींची चॅनेलं गेली आणि ते लोक माझ्याकडे विचारायला आले, मी त्यांचा केबलवाला नसूनही. मी वही काढली. तुमची डिश ९३.५ अंशावरच्या या उपग्रहाकडे बघते, त्याचं असं झालंय, तुमच्या घरात काही बिघाड नाही. दुसऱ्या एकाची चॅनेलं गेली होती, तो म्हणाला, “माझंही त्यानेच ना?” त्याची डिश भलत्याच उपग्रहावर होती. गच्चीवर जाऊन पाहिलं तर डिशवरच्या एलएनबीच्या जोडात पाणी शिरलं होतं. मी त्याला तसंच सांगितलं. तेरा वर्षांपूर्वी मी त्यालाही बातमीचं कात्रण दाखवलं असतं.

आता कंट्रोल रूम नाही. केबल डिजिटल झाली, माझ्यासारखे छोटे लोक मोठ्या कंपन्यांना जोडले गेले, मी डिश लावण्याचं आणि दुरुस्तीचं काम करतो. अडीच फुटी डिश, वरच्या केयू बँडच्या लहरी. पावसाळ्यात ढग फुटला की चित्र जातं, कारण पावसाचे थेंब या आखूड लहरी पिऊन टाकतात. आमच्या जुन्या मोठ्या डिशच्या सी बँडला पाऊस असा बाधत नसे. सूर्य मात्र दोघांनाही सोडत नाही. घरी वीस-बावीस वर्षांची दोन पोरं हाताखाली शिकतात. त्यांच्या फोनमध्ये कोन काढून देणारं ॲप आहे, माझ्या वहीची त्यांना गरज पडत नाही.

तरी मार्च लागला की मी त्यांना आमच्या जुन्या बारा फुटी डिशपाशी नेतो. जाळी गंजली आहे, फीड अजून जागेवर आहे. वेळ झाली की तिघं गच्चीवर बसतो. सावली जाळीवरून सरकत येते. मध्याला टेकली की मी म्हणतो, डिश सरळ आहे. मग त्यांना त्या पोराची गोष्ट सांगतो, सगळी, तीनशे रुपये ठेवून घेतले तिथपासून. पाने तेव्हा पिशवीतच असतात.